ग्लॅडस्टन रोडची राखण

"नाय गे काकी, नाव काढूचा म्हणजे पाटयेवरचा. रस्त्याचा नाव. माणसाचा नाय."

"तुझे रस्ते घाल चुलीत. माझ्या झिलाक सोडलंस काय नाय, ता सांग."

"सोडतंय मां. आज सोडतंय."

"दोन वर्सां आज-आज करतंस. तुझो आज कदी उजाडतलो?"

"आज नाय सोडलंय तर मगे सुटूचोच नाय तो. तीन वाजता नवीन पाट्यो लावक सुरुवात. नावा सगळी उतरवूची आसत. उद्यापासून हय नुसते आकडे."

"आकड्यार कोण गाऱ्हाणा घालता काय रे?"

"नाय."

"मगे फोन ठेव आणि जा. शिरा पडो तुझ्या तोंडार ती."

दौलत घाडीने फोन खिशात टाकला, मानेवरचं फडकं पिळून परत मानेवर टाकलं आणि शिडी खांबावरून काढायला घेतली. सकाळचे साडेदहा झाले होते. जुलै महिना. खांबाला उघडा हात लागला तर कातडी तिथेच राहील असं ऊन. शिडीच्या पायाशी उतरवलेल्या सतरा पाट्या एकीवर एक रचलेल्या होत्या, काळ्या बिडाच्या, कडेला वेलबुट्टी आणि मधे पांढरी इंग्रजी अक्षरं. विंडसर, बालमोरल, क्लॅरेन्स. ग्लॅडस्टन रोडच्या चार तेवढ्या अजून खांबांवर होत्या. त्या त्याने मुद्दाम शेवटाला ठेवल्या होत्या.

दौलत देवगड तालुक्यातला. आडनाव घाडी, म्हणजे गावाच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान ज्या घराण्याकडे असतो त्यातला. पण तो मान थोरल्या भावाचा. दौलतच्या वाट्याला आली ती नारळाची पिशवी धरून मागे उभं राहण्याची कामगिरी आणि पावसाळ्यात गणपती करायचा बापाचा कारखाना. हात मात्र सोन्याचा. माती असो की प्लास्टर, साचा असा काढायचा की आतल्या मूर्तीच्या पापणीचा केस दिसावा. त्या हाताच्या जोरावर दोन हजार पाच साली तो अमिरातीत आला.

उम्म अल कुवैनच्या वेशीवर, हायवेपासून दहा मिनिटं आत, तेव्हा एक वसाहत उठत होती. अल्बर्ट गार्डन्स. शहाण्णव घरं उभी राहिली आणि सगळी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनची. लाल विटांच्या भिंती, म्हणजे मागे सिमेंटचे ब्लॉक आणि वर बोटभर जाडीचा विटांचा मुलामा. बर्फ घसरून पडावा म्हणून उतरती टोकदार छपरं, बर्फाचा पत्ता नाही. पुढे पोट काढून बसलेल्या खिडक्या. आणि प्रत्येक घराच्या डोक्यावर दोन-दोन धुराडी. धूर जायला वाट होती, खाली चूल नव्हती. धुराड्यांना तळच नव्हता. वारा सुटला की शहाण्णव घरं एका सुरात घुमायची.

या घरांची नक्षी दौलतने ओतली. कोपऱ्यांतल्या वेली, छपराखालचे कंस, पन्हळीच्या तोंडाचे सिंह. सिंहांचे डोळे जरा आपल्या गणपतीसारखे उतरले होते, पण गोऱ्या आर्किटेक्टला ते आवडले. "व्हेरी ओरिजिनल," तो म्हणाला. दौलतने मान डोलावली आणि आणखी दोनशे सिंह ओतले.

दुसऱ्या वर्षी त्याने आपल्याच वाडीतल्या सतीशला बोलावून घेतलं. व्हिसा दौलतनेच खटपट करून मिळवून दिला होता, हे नीट लक्षात ठेवायचं. सतीश सत्यभामाकाकीचा एकुलता एक. अंगाने सुतळी, जिभेने चाबूक आणि तिरकी वस्तू दिसली की त्याच्या पोटात दुखायचं. बुडबुड्याची पाणसळ कायम पँटच्या मागच्या खिशात. जेवायला बसला तरी ताटाखाली काडी सारून ताट सपाट करायचा. रस्त्यांच्या पाट्या लावायचं काम त्याला दिलं होतं ते यासाठीच. एक पाटी लावली की वीस पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "आता राणी इली तरी नाव ठेवूची नाय."

दोन हजार सातच्या जुलैत, दुपारच्या सुट्टीला पंधरा मिनिटं उरली असताना, ग्लॅडस्टन रोडवरच्या चौदा नंबरच्या धुराड्याची टोपी त्याला तिरकी वाटली. कोणी सांगितलं नव्हतं. तो चढला. फळी सरकली. खाली दौलत सिंहाला पॉलिश करत बसला होता, त्याच्यापासून चार हातांवर तो येऊन पडला. पाणसळ फुटली नाही.

कागद झाले, शिक्के झाले, सोळाव्या दिवशी पेटी गावी गेली. इकडे निराळीच पंचाईत झाली. ग्लॅडस्टन रोडवरच्या धुराड्यांवर कोणी चढेना. ना बिहारी, ना बंगाली, ना पेशावरचे पठाण. फोरमन मोहिद्दीन, केरळचा माणूस, डोकं धरून दौलतकडे आला. "दौलत, तुम्हारे गांव में कुछ करता है ना, नारियल-वारियल? करो भाई. ये लोग ऊपर नहीं जाता."

दौलतने त्याआधी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. शब्द पाठ होते, मान नव्हता. पण तिथे दुसरा घाडी कुठून आणायचा? शुक्रवारी सकाळी वीस-बावीस माणसं चौदा नंबरच्या मागच्या अंगणात जमली. प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं हे त्याने सगळ्यांना शिकवलं. पठाणांना ते फार आवडलं. त्यांनी इतक्या जोरात म्हणून पाहिलं की धुराड्यातली कबुतरं उडाली.

गाऱ्हाण्यात जागेच्या चार सीमा नावाने सांगाव्या लागतात. नाव नाही तर सीमा नाही, आणि सीमा नाही तर राखणदार उभा कुठे राहणार? साइट ऑफिसात टांगलेल्या नकाशावरून दौलतने नावं हातावर लिहून घेतली होती. तळहात बघत त्याने सुरू केलं, "पूर्वेक रोझबेरी लेन, पश्चिमेक विंडसर, उत्तरेक बालमोरल, दक्षिणेक क्लॅरेन्स, मधी ग्लॅडस्टन. ह्या चतुरसीमेचो जो कोण धनी..."

इथे जागेच्या राखणदाराचं नाव घ्यायचं असतं. गावी ते जन्मापासून ठाऊक असतं. या वाळूचा राखणदार कोण? आदल्या दिवशी त्याने मोहिद्दीनला विचारलं होतं. "मालिक? मालिक तो लंदन में है," तो म्हणाला होता. बावीस माणसं तोंडाकडे बघतायत, नारळ हातात, आणि नाव नाही. दौलतच्या तोंडून गेलं, "सतीशा."

आणि गेलं ते गेलंच. पुढचे शब्द आपोआप मागून आले. "सतीशा, तू हयसर रव. ह्या घरांची, आमच्या जिवांची राखण कर. भायला आत येवक देव नको, आतला भायर जावक देव नको."

"व्हय म्हाराजा!" बावीस माणसं ओरडली.

मेलेल्या माणसाला वाटेला लावायचं असतं. दौलतने त्याला कामाला लावला.

त्या दिवसापासून त्या साइटवर कोणाच्या बोटाला खिळा टोचला नाही. माणसं धुराड्यांवर माकडासारखी चढली. मोहिद्दीनने दौलतला बिर्याणी खिलवली. दौलतने निम्मी ताटात ठेवली.

मग दोन हजार आठ संपत आलं. एक दिवस काँक्रीटचा मिक्सर आला नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातला नकाशा, खुर्च्या आणि एसी घेऊन एक ट्रक गेला. क्रेनला विटांचा पाळणा लटकलेला होता, तो तसाच लटकत राहिला, खाली घ्यायला कोणी उरलं नव्हतं. बसगाड्या भरभरून माणसं विमानतळाकडे गेली. कंपनीला मागे एक पहारेकरी हवा होता. दौलत म्हणाला, मी राहतो. का राहिला, हे त्याला तेव्हा कोणी विचारलं नाही.

शहाण्णव घरं आणि एक माणूस. पगार कधी यायचा, कधी विसरायचा. पाच वर्षं. खिडक्यांना काचा नव्हत्या, दारांना कड्या नव्हत्या, पण पाट्या सगळ्या जागच्या जागी. रिकाम्या रस्त्यांवर काळी बिडाची नावं. रात्रीचं त्याला काही वाटायचं नाही. रात्री ट्रान्झिस्टर लावून गेटवरच्या खोलीत पडायचा. जड जायची ती भर दुपार. गावी जाणती माणसं बाराच्या टळटळीत उन्हात एकटं फिरू देत नाहीत, ते उगाच नाही. सावली पायाखाली शिरते, वारा पडतो आणि एवढ्या घरांतून एकही आवाज येत नाही. त्या वेळेला ग्लॅडस्टन रोडवर कोणीतरी वीस पावलं मागे जाऊन उभं आहे असं वाटायचं.

वावटळी यायच्या. विंडसर वाकायची, बालमोरलचं नाव आभाळाकडे तोंड करायचं, क्लॅरेन्स दोनदा उपटून पडली. दौलत शिडी घेऊन सरळ करत बसायचा. ग्लॅडस्टनच्या चार पाट्यांना पाच वर्षांत त्याने हात लावला नाही. लावायची वेळच आली नाही. सुतात सरळ, गंजाचा ठिपका नाही. दोन हजार दहाला तांब्याच्या वायरी चोरायला पिकअप घेऊन माणसं आली. सकाळी दौलतला पिकअप सापडली. इंजिन चालू, दोन्ही दारं उघडी, एक चप्पल वाळूत. माणसं नाहीत. पोलिसांनी गाडी नेली आणि दौलतला शाबासकी दिली. "वेरी गुड वॉचमन," ते म्हणाले. दौलत ग्लॅडस्टनकडे तोंड करून म्हणाला, "ऐकलंस? तुका म्हणतत."

बोलायची सवय अशी लागली. आज काय जेवलो, भावाने बांध कसा सरकवला, कोणाचं लग्न ठरलं. सतीशला सगळी गजाल तो सांगायचा. उत्तर कधी आलं नाही. पण ऐकणारा आहे आणि कोणी नाही यातला फरक एकट्या माणसाला कळतो.

तिकडे गावी दर भाद्रपदात सत्यभामाकाकी झिलाचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घालायची, पान वाढून बाहेर ठेवायची. पान तसंच राहायचं. कावळा नाही, कुत्रा नाही, मुंगीसुद्धा फिरकायची नाही. सहाव्या वर्षी तिने दौलतला फोन करून सरळ विचारलं, "तो हय इलोच नाय. थय कोणी धरून ठेवल्यान त्येका?" दौलतला खोटं बोलता आलं नाही. त्याने सगळं सांगितलं.  मग म्हातारी म्हणाली, "सोड त्येका." तेव्हापासून दर शुक्रवारी फोन, आणि प्रश्न एकच.

सोडायला तो गेला होता एकदा. दोन हजार तेराला नवीन कंपनीने वसाहत घेतली, मोहिद्दीन सुपरवायझर होऊन परत आला, घरांना काचा लागल्या आणि पहिली कुटुंबं राहायला आली. तेव्हा नारळ घेऊन त्याने चारी रस्ते फिरून पाट्यांवरची नावं उच्चारून गाऱ्हाणं परत घेतलं. पुढच्या वावटळीत बाकी सगळ्या पाट्या वाकल्या, ग्लॅडस्टन सुतात. सतीश गेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर ते बघून दौलतला आधी हायसं वाटलं, लाज नंतर वाटली.

आज मात्र नावंच चालली होती. नवीन पद्धतीत रस्त्यांना आकडे, आणि उतरवायचं काम मेंटेनन्सच्या माणसाकडे, म्हणजे दौलतकडेच.

अकरा वाजता सतरा पाट्या ढकलगाडीवर घालून तो स्टोअरला गेला. मागच्या भिंतीला लावून ठेवायच्या म्हणून त्याने जुन्या फरश्या सरकवल्या तर मागे आणखी एक पाटी निघाली. प्लास्टिकात गुंडाळलेली, कारखान्याची चिकटपट्टी तशीच. त्याने नखाने प्लास्टिक फाडलं. रोझबेरी लेन.

दौलत तिथेच फरशीवर बसला. दहा वर्षं या वसाहतीत वावरला होता, अंधारात डोळे मिटून चालला असता. रोझबेरी लेन नावाचा रस्ता इथे नव्हता. नकाशावर होता, पूर्वेला, शेवटची ओळ. बांधायच्या आधीच पैसे संपले. दोन हजार सातला त्याने तळहात बघून पूर्वेची सीमा घातली ती वाळूवर, आणि दोन वर्षांपूर्वी सोडायला फिरला तो बांधलेल्या रस्त्यांवरून. तीन बाजू मोकळ्या केल्या, चौथी तशीच. बिचारा निघणार कुठून? निघायला सीमाच सापडत नव्हती.

"मेल्या दौलत्या," तो स्वतःलाच म्हणाला, "नकाश्यात बगून गाऱ्हाणा घालतत काय?"

नारळ हवा होता. ग्लॅडस्टन रोडवर अकरा नंबरला अर्चनावहिनी राहायच्या, पुण्याच्या. नवरा वासुदेव रोज अबुधाबीला ऑफिसात, त्या घरातूनच लॅपटॉपवर काम करणाऱ्या. दार उघडताना कानाला हेडफोन तसाच होता.

"दौलतदादा, नारळ? खोवलेला फ्रीजरमध्ये आहे, चालेल?"

"सबंद व्हयो वहिनी. देवाचो आसा."

"संकष्टीला आणलाय तो आहे. शेंडी निम्मी कापलेली आहे. पण आज काय आहे?"

दौलतला आडून बोलता येत नाही. दारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. अर्चनाचा हेडफोन हळूहळू गळ्यात आला. तिची मुलगी मिहिका, नऊ वर्षांची, मागे जिन्यावर बसून ऐकत होती.

"थांबा, थांबा," अर्चना म्हणाली. "घर दाखवताना एजंट म्हणाला होता, सेफेस्ट कम्युनिटी, झीरो इन्सिडेंट्स. म्हणजे सिक्युरिटी हा बघत होता आणि सर्व्हिस चार्ज आम्ही कंपनीला भरतोय?"

"व्हय."

"आणि तुम्ही त्याला आज काढताय."

"काढत नाय, सोडतंय. त्येची आवस वाट बगता."

"ते बरोबर आहे हो. पण मग इथे कोण? मी या मुलीला घेऊन दिवसभर एकटी असते. अर्धी घरं अजून रिकामी आहेत. रिप्लेसमेंट दिल्याशिवाय कोणी कोणाला रिलीव्ह करतं का? आमच्या ऑफिसात सुद्धा नाही करत."

दौलतने फडक्याने मान पुसली. ही पुण्याची बाई, हिला गाऱ्हाण्यातलं ओ की ठो माहीत नाही, आणि नेमकं तेच बोलली जे त्याचा बाप बोलायचा. एकदा राखण लावली की जागा रिकामी ठेवायची नाही. रिकाम्या जागेत कोण येऊन बसेल याचा नेम नसतो.

"मम्मा," जिन्यावरून मिहिका म्हणाली, "एट इयर्स? नो डे ऑफ?"

अर्चनाने तिच्याकडे बघितलं, मग दौलतकडे. मग आत जाऊन नारळ आणि वाटीभर तांदूळ आणून त्याच्या हातावर ठेवले.

"मला काही पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण जा."

साडेबाराला सुट्टी झाली. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन बाहेर काम करायला सरकारची बंदी. माणसं एसीच्या खोलीत जाऊन आडवी झाली. दौलत ग्लॅडस्टनच्या चार खांबांखालून चालत गेला. वर बघितलं नाही. काखेत रोझबेरी लेन, एका हातात लोखंडी सळी, दुसऱ्या हातात पिशवी. पूर्वेच्या शेवटच्या घरामागे कुंपणाला भोक होतं, त्यातून तो बाहेर पडला.

पुढे नुसती वाळू. शंभर पावलांवर सर्व्हेच्या खुंट्या अजून उभ्या होत्या, दोन रांगांत, मधे रस्त्याएवढं अंतर. रिबिनींचा रंग उडून पांढरा झालेला. घरं नसलेल्या त्या रस्त्याच्या तोंडाशी त्याने सळी ठोकली आणि तारेने पाटी बांधली. आठ वर्षांनी रोझबेरी लेन आपल्या जागी उभी राहिली. वारा नव्हता. मागे घरं उन्हात थरथरत होती आणि ती एवढी माणसं असून पुन्हा रिकामी दिसत होती, पहिल्यासारखी.

त्याने तांदूळ मांडले, नारळ हातात धरला, तोंड उघडलं आणि थांबला. व्हय म्हाराजा कोण म्हणणार? साद घालणाऱ्याला ओ देणारा लागतो, नाहीतर शब्द वाऱ्यावर जातात. मागल्या खेपेला ओ द्यायलाही कोणी नव्हतं.

पिकअपचा आवाज आला. मोहिद्दीन. एसीच्या गारव्याला धक्का लागू नये इतपत काच खाली झाली.

"दौलत! ब्रेक में बाहर? इन्स्पेक्टर देखेगा तो मेरा खलास! पागल हो गया क्या?" मग त्याची नजर पाटीवर गेली, नारळावर गेली. आवाज खाली आला. "सतीश का?"

"हां. छोड़ना है. तुम जवाब देगा?"

मोहिद्दीनने दाढी खाजवली. गाडीतून उतरायला तो तयार नव्हता. पण इंजिन बंद न करता म्हणाला, "वो लफ्ज मेरे को याद है. बोलो. जल्दी."

दौलतने डोळे मिटले. या वेळी तळहातावर काही लिहिलेलं नव्हतं.

"पूर्वेक रोझबेरी लेन, जी बांधूक नाय ती."

"व्हय माराजा," खिडकीतून.

"पश्चिमेक विंडसर, उत्तरेक बालमोरल, दक्षिणेक क्लॅरेन्स, मधी ग्लॅडस्टन. हेंची नावा आज उतरतत. नावा उतरायच्या आधी ही चतुरसीमा मी उघडतंय."

"व्हय माराजा."

"सतीशा, मान नसताना मी तुका बांधलंय. माझी चूक. आणि पाच वर्सां ठेवलंय ती चूक नाय. ता माका सोबत व्हयी म्हणान. ता लबाडपण."

इथे मोहिद्दीनला कळेना, ओ द्यायची की नाही. त्याने दिली. "व्हय माराजा."

"तुझी आवस पान वाढून बसली आसा. ह्या वाटेन जा. मागे बगू नको. चौदा नंबरची टोपी तिरकी आसा ती रवांदे."

"व्हय माराजा."

आता उरलं शेवटचं. जागा कोणाच्या हवाली? दौलतने डोळे उघडले. समोर वाळू, मागे अकरा नंबरमधल्या त्या दोघी, आणि बाकीची सगळी. गावाकडचं घर त्याच्या डोळ्यांपुढे आलं नाही असं नाही. राखणदाराला गावी जाता येत नाही. शब्द दिला की दिला.

"तुझ्या जागेर मी रवतंय," तो म्हणाला. "दौलत घाडी. माझ्या व्हिसाचे अठरा म्हयने उरलेत. तोपर्यंत माझी राखण. फुडला फुडे बगूया. भायला आत येवक देवचंय नाय."

"आतला भायर..." एवढं म्हणून त्याने जीभ आवरली. ते वाक्य त्याने पुरं केलं नाही.

"व्हय म्हाराजा."

शब्द स्वच्छ आला. गावच्या देवळात येतो तसा, ह जागच्या जागी. दौलतने वळून पाहिलं. पिकअपची काच वरपर्यंत बंद होती आणि आत मोहिद्दीन फोन कानाला लावून कोणावर तरी हात उडवत भांडत होता.

दौलतने तोंड परत वाळूकडे केलं. पाटीच्या कडेवर नारळ आपटला. पाणी वाळूत पडलं आणि डाग पडायच्या आत वाळलं. अर्धी वाटी त्याने तिथे ठेवली, अर्धी मोहिद्दीनच्या काचेवर टकटक करून त्याच्या हातात दिली.

"हो गया?" मोहिद्दीनने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत विचारलं.

"हो गया."

"चला गया वो?"

"यल्ला, तुम भी जाव. तीन बजे नंबर लगाना है."

पावणेतीनला, सुट्टी मोडूनच ग्लॅडस्टनच्या चार पाट्या उतरवून झाल्यावर, त्याने काकीला फोन लावला. शुक्रवार नव्हता, तरी दुसऱ्यांदा.

"सोडलंय."

"गेलो?"

"गेलो."

"तुका कसा कळला?"

दौलतने फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हातारीने ताणलं नाही.

"भाद्रपद लांब नाय. पान उठला तर समजतला," ती म्हणाली. "बरा. आता शुक्रवारी फोन करूचंय नाय मी. पैशे जातत."

"बरा गे."

"जेवलंस?"

"जेवतंय."

फोन बंद झाला. रस्ता दोन्ही टोकांना मोकळा होता, कुठलंही नाव नसलेला. वीस पावलं मागे कोणी उभं नव्हतं. दौलतने दोनदा खात्री करून घेतली. काहीतरी सांगायचं म्हणून त्याचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

शिट्टी वाजली. मोहिद्दीन गेटाकडून ओरडला, "दौलत! बयालीस नंबर किधर लगाएगा, देख के लगाना!" दौलतने पत्र्याची नवी पाटी काखेत मारली, ड्रिलला सहाचं बिट लावलं आणि शिडी पहिल्या खांबाकडे ओढत नेली.